पाठीवर मावेल तेवढेच

गेल्या उन्हाळ्यातील एका दुपारची हकीकत सांगून मी आरंभ करणार आहे. रायपूरची मे महिन्यातली दुपार ज्यांनी सोसली आहे त्यांना तिचे वर्णन नको, आणि ज्यांनी सोसली नाही त्यांना ते अतिशयोक्तीचे वाटेल. पारा ४४ अंशांच्या पलीकडे गेला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. आमच्या घरच्या मधल्या खोलीत, दारे-खिडक्या लावून, मुले जमिनीवर कोंडाळे करून बसली होती. मध्यभागी कागद, पेन्सिली आणि एक चमत्कारिक फासा होता. सारीपाटाच्या फाशाला चार बाजू असतात, लुडोच्या फाशाला सहा. याला चक्क वीस पैलू होते. मी विचारले, "कसला खेळ मांडलात रे?" धाकटा नातू म्हणाला, "आजोबा, झॉम्बीचा." वयोमानाप्रमाणे माझे कान आता थोडे जड झाले आहेत. मला ऐकू आले 'झोंबी'. म्हटले, घरात बसून कुस्ती खेळणार असतील तर बरेच झाले. निदान उन्हात तरी जाणार नाहीत!

मग खुलासा झाला. या खेळात पट नसतो, सोंगट्या नसतात आणि कोणी जिंकत वा हरतही नाही. प्रत्येक खेळाडू मनाशी एक पात्र कल्पितो. एकजण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो, आणि त्या प्रसंगी आपले पात्र काय करील ते खेळाडूने सांगायचे. ते साधले की फसले, याचा निवाडा फाशाने करायचा. नाटक आहे, पण संहिता नाही; आख्यान आहे, पण त्याचा शेवट बुवांनाही ठाऊक नाही. आमच्या घरी सूत्रधाराचे पद थोरल्या नातीकडे होते. दोन नातू आणि शेजारच्या छत्तीसगढी घरची एक मुलगी असे तीन खेळाडू होते. चौथा गडी कमी पडत होता, म्हणून मला ओढून बसवण्यात आले.

या जातीच्या खेळांचा उगम अमेरिकेत झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी रचलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर त्याचे शेकडो वंशज निपजले. झॉम्बीची कुळकथा मात्र फार जुनी व फार दुःखाची आहे. कॅरिबियन समुद्रातील हैतीत फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून गुलाम नेले आणि त्यांना उसाच्या शेतांत मरेपर्यंत राबवले. मेल्यावर तरी सुटका होईल, एवढीच त्यांची आशा होती. परंतु एखादा मांत्रिक आपले प्रेत उठवील आणि पुन्हा राबवील, ही भीती त्या आशेलाही कुरतडत असे. असे उठवलेले, इच्छा हरपलेले प्रेत म्हणजे झॉम्बी. म्हणजे मुळात तो भिववणारा प्राणी नव्हे. ज्याची कीव यावी असा जीव होता. पुढे १९६८ साली जॉर्ज रोमेरो यांनी माणसे खाणाऱ्या मृतांचा एक चित्रपट काढला. गंमत अशी की त्या चित्रपटात 'झॉम्बी' हा शब्द एकदाही येत नाही. पण लोकांनी त्या मृतांना तेच नाव दिले. तेव्हापासून कथा अशी ठरली की, मेलेले उठतात, जगाचा व्यवहार कोलमडतो, आणि त्यांनी ज्याला चावावे तोही थोड्याच वेळात त्यांच्यातला होतो. वेताळाच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये. आपला वेताळ निदान पाठीवर बसून प्रश्न तरी विचारीत असे!

हा विषय केवळ पोरखेळ आहे, असेही समजू नका. २०११ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राने, म्हणजे एका जबाबदार सरकारी संस्थेने, झॉम्बी आले तर घरात काय तयारी असावी, यावर एक लेख प्रसिद्ध केला. हेतू उघड होता. पूर, वादळ, भूकंप यांच्या तयारीच्या सूचना कोणी वाचीत नाही. झॉम्बीच्या निमित्ताने तरी वाचतील. आणि लोकांनी तो खरोखरच इतक्या संख्येने वाचला की त्या संस्थेची यंत्रणा काही काळ बंद पडली. त्या यादीत बंदूक नव्हती. माणशी दररोज जवळजवळ चार लिटर पाणी, टिकाऊ अन्न, नेहमीची औषधे, साबण, कपडे, महत्त्वाची कागदपत्रे, असे अगदी गृहिणीला सुचेल तेच तीत होते.

आमच्या मुलांची पहिली यादी याच्या अगदी उलट होती. प्रसंग असा होता की, रायपूर शहर सोडून चौघांनी अभनपूर, कुरूद, धमतरी या वाटेने महानदीवरच्या गंगरेल धरणापर्यंत पायी जायचे. अंतर सुमारे ९० किलोमीटर. मधल्या नातवाने लिहिले: रायफल, शंभर काडतुसे, मोठा सुरा, दुर्बीण, डबाबंद अन्न. धाकट्याने तलवार लिहिली, आणि वर क्रिकेटची बॅट. थोरलीने शांतपणे नियम सांगितला, "तुमची पात्रे सरासरी ६० किलो वजनाची आहेत. वजनाच्या एक तृतीयांशाहून जास्त ओझे घ्यायचे नाही. म्हणजे माणशी २० किलो. त्यापुढे प्रत्येक किलोला चाल मंदावेल." मूळच्या अमेरिकन खेळातही हा ओझ्याचा नियम होता; तेथे प्रत्येक वस्तूचे वजन सोन्याच्या नाण्यांत मोजीत. खेळाडूंना हा नियम सहसा जाचक वाटतो. मला तर वाटते, साऱ्या खेळाचा जीव त्या एका नियमात आहे. कारण पाठीला मर्यादा नसती तर निवडीचा प्रश्नच उद्भवला नसता, आणि निवडीखेरीज माणसाची पारख होत नाही.

मी सुचवले की, काय हवे ते लिहिण्याआधी, काय नसले तर माणूस किती वेळात मरतो ते लिहू या. श्वास कोंडला तर काही मिनिटांत. कडक ऊन किंवा कडक थंडी यांपासून आडोसा नसेल तर काही तासांत. पाण्यावाचून सुमारे तीन दिवसांत. रायपूरच्या उन्हात चालणारा असेल तर त्याहून फार लवकर. अन्नावाचून मात्र निरोगी माणूस काही आठवडे काढतो. हा क्रम डोळ्यांपुढे ठेवला की यादी आपोआप उलटीपालटी होते. मुलांनी ज्या परदेशी पुस्तकांतून याद्या उतरल्या होत्या, त्या थंड मुलुखातल्या होत्या. तेथे पहिली चिंता उबेची. त्यांत लोकरीची झोपायची पिशवी होती! आमच्या महामार्गावर मे महिन्यात ती पाठीवर घेऊन निघालेल्या माणसाला मारायला झॉम्बीची गरज नाही. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले, घाम थांबला, भ्रम होऊ लागला, की उष्माघाताने तो तसाच आडवा होईल.

तेव्हा पहिला मान पाण्याचा. उन्हात कष्ट करणाऱ्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. एका लिटराचे वजन एक किलो. म्हणजे २० किलोंचे सगळे ओझे पाण्याचेच घेतले तरी ९० किलोमीटर पुरणार नाही. मुले विचारात पडली. यावर उपाय दोन. एक, भर उन्हात चालायचेच नाही; पहाटे आणि रात्री चालायचे. आणि दुसरा, पाणी कोठे आहे हे ठाऊक असणे. शेजारची मुलगी चटकन म्हणाली, "गावागावांत तलाव आहेत की!" खरोखर हा सारा प्रदेश तलावांचा. खुद्द रायपुरात बूढा तलाव, तेलीबांधा, कंकाली तलाव आहेत. पश्चिमेला खारून नदी आहे. वाटेवरच्या गावांतले तलाव कागदावर मांडून ठेवले, तर त्या कागदाचे वजन काही गुंजा भरेल, पण तो दहा लिटर पाण्याचे काम करील. माहितीला वजन नसते, हे मुलांना प्रथमच उमगले.

पण तलावाचे पाणी प्यावे कसे? येथे आमच्या घरातून, म्हणजे स्वयंपाकघरातून, सल्ला आला. "अहो, ट्रंकेत सासूबाईंचे जुने लुगडे आहे, ते सांगा ना त्यांना." मुले हसली. परंतु यामागे शास्त्र आहे. पटकीचे जंतू पाण्यातल्या अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात. जुने सुती लुगडे चार ते आठ पदरी घडी करून त्यातून पाणी गाळले की ते प्राणी अडकतात. बांगलादेशातील खेड्यांत रीटा कोलवेल यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला, आणि पटकीचे रोगी जवळजवळ निम्म्याने घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झाले. गाळलेले पाणी पारदर्शक बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास ठेवले की उरलेले बरेच जंतू सूर्यच मारतो. जे ऊन आपला जीव घ्यायला टपले आहे त्याच्याकडूनच हे काम करून घ्यायचे. शिवाय क्लोरीनच्या गोळ्या आहेत. त्यांची एक पट्टी खिशात मावते.

पाण्याच्या जोडीला मीठ आणि साखर. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, एवढीच ही मात्रा. १९७१ साली बंगालच्या सीमेवर बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे द्रव संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज घातलेले पाणी रोग्यांना तोंडाने पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते चाराच्या खाली आले. निर्वासितांच्या छावण्या रायपूरला अपरिचित नाहीत. १९६४ साली पूर्व पाकिस्तानातून निघालेली हजारो कुटुंबे येथून जवळच माना येथील छावणीत येऊन उतरली होती. आज तेथे विमानतळ आहे. विमानात प्रवाशाने किती किलो सामान न्यावे याचा नियम असतो. त्या कुटुंबांना मात्र हातांना पेलेल तेवढाच नियम होता.

पाण्यानंतर डोके आणि पाय. डोक्यासाठी मधल्याने शिरस्त्राण लिहिले होते. शेजारच्या मुलीने ते खोडून 'खुमरी' लिहिले. खुमरी म्हणजे छत्तीसगढचे गुराखी घालतात ती बांबूची व पानांची रुंद टोपी. ऊन आणि पाऊस दोन्ही अडवते आणि वजनाला नाममात्र. तिनेच बस्तरच्या 'तुंब्या'चीही आठवण दिली. भोपळा पोखरून, वाळवून केलेले ते पाण्याचे भांडे. त्यात पाणी गार राहते. आणि गमछा! ओला करून डोक्याला बांधा, तोंडावर घ्या, जखमेवर आवळा. ज्या मुलखात जायचे त्या मुलखातील माणूस काय वापरतो ते आधी पाहावे, हा धडा कोणत्याही परदेशी पुस्तकापेक्षा मोलाचा आहे.

पायांविषयी सांगताना मला २०२० सालचा मे महिना आठवला. करोनाची टाळेबंदी होती. महाराष्ट्रातल्या कारखान्यांतून, बांधकामांवरून सुटलेले मजूर नागपूरच्या बाजूने महामार्गाने येत आणि ओडिशा, झारखंड, बंगालकडे जात. कोणी ट्रकांवर लटकून, कोणी पायी. रायपूरच्या पश्चिम वेशीवरच्या टाटीबंध चौकात त्यांची रीघ लागे. शहरातले लोक तेथे अन्न व पाणी घेऊन उभे राहिले, आणि लवकरच ध्यानात आले की अन्नाइतकीच गरज चपलांची आहे. डांबरी रस्त्यावर चालून चालून वहाणांचे तळ गेले होते. त्या दिवसांतली छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असतील. पाठीला एक पिशवी, हातात पाण्याची बाटली, आणि खांद्यावर लेकरू. जगाचा व्यवहार कोलमडतो तेव्हा माणूस काय बरोबर घेतो, याची ती खरीखुरी यादी होती. आमच्या मुलांच्या यादीत जोड्यांचा उल्लेखच नव्हता! आता प्रत्येकाने पायातल्या मळलेल्या जोड्याखेरीज एक हलकी चप्पल, सुती मोजे, आणि फोडांसाठी पट्ट्या लिहिल्या.

अन्नाचा प्रश्न सोपा निघाला. डबाबंद अन्नात निम्मे वजन पाण्याचे व पत्र्याचे. त्याऐवजी पोहे, फुटाणे, गूळ, शेंगदाणे. माणशी दिवसाला अर्धा किलो धरले तरी चार दिवसांचे दोन किलो. निघण्यापूर्वी भरपेट बासी खावी, असे शेजारच्या मुलीचे मत पडले. रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात सकाळी मीठ-कांद्याबरोबर खायचा, हा येथल्या शेतकऱ्याचा उन्हाळ्यातला आहार. पोटात घातलेले पाणी पाठीवर वाहावे लागत नाही, हे या प्रदेशाला फार पूर्वीच कळले आहे.

आता शस्त्रांकडे वळू. मधल्याला रायफल सोडवेना. मी म्हटले, "बाबा, या घरात रायफल आहे का? परवान्यावाचून ती मिळते का? चार किलोंची ती, वर काडतुसे. आणि झॉम्बी आवाजाकडे धावतात असे तूच म्हणालास ना?" एक गोळी सुटली की दहांऐवजी शंभर येणार. त्यापेक्षा एक कुऱ्हाड चौघांत पुरे. ती लाकूड फोडील, वाट करील आणि प्रसंगी जीव राखील. अमेरिकेचे लष्करी लेखक एस. एल. ए. मार्शल यांनी १९५० साली सैनिकाच्या ओझ्यावर एक पुस्तकच लिहिले. भीती आणि थकवा एकमेकांना वाढवतात, म्हणून लढणाऱ्याच्या पाठीवर ४० पौंडांहून, म्हणजे सुमारे १८ किलोंहून अधिक भार नको, असे त्यांचे सांगणे. दर वस्तू 'असू द्या, उपयोगी पडेल' म्हणून घेतली जाते, आणि त्या सगळ्या उपयोगी वस्तू मिळून माणसाला निरुपयोगी करतात.

चौघांनी चार पातेली घ्यायची नसतात, हे सांगायला मी दिंडीचा दृष्टांत दिला. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरची वाट लाखो वारकरी चालतात. प्रत्येकजण आपली चूल वाहात नाही. दिंडीचा तंबू एक, भांडी सामाईक, स्वयंपाकाची पाळी ठरलेली. प्रत्येकाच्या अंगावर आपल्यापुरते थोडे आणि सर्वांसाठीचे थोडे. तेव्हा आमच्या चौघांत पातेले एक, कुऱ्हाड एक, दोरी एक, काड्यापेट्या मात्र दोघांकडे वेगवेगळ्या, कारण एक भिजली तर दुसरी हवी. माझ्या पात्राला रक्तदाबाच्या गोळ्या आणि जादा चष्मा लागेल, हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. म्हातारे पात्र खेळात घेतले की यादी शहाणी होते, असा माझा अनुभव आहे! अखेर प्रत्येकाचे २० किलो पुरे भरले, आणि थोड्या हट्टानंतर मधल्याची रायफलही त्यात राहिली. खेळ सुरू झाला.

कुरूदच्या अलीकडे तो प्रसंग आला. अंधारात एका पडक्या धाब्याजवळ फासा उलटा पडला, आणि धाकट्याच्या पात्राला चावा बसला. त्याचे पात्र त्याच्यासारखेच, नऊ वर्षांचे. खोलीत एकदम शांतता झाली. मधला म्हणाला, "नियम आहे. चावलेला झॉम्बी होतो. त्याला इथेच सोडावे लागेल." धाकट्याचा चेहरा उतरला. "मला सोडून जाणार?" खेळातला प्रश्न होता, पण डोळ्यांतले पाणी खेळातले नव्हते. मधला वाईट मुलगा नाही. त्याने आपल्या बाजूने इतिहास उभा केला. "आजोबा, तुम्हीच सांगता ना, पानिपतावर यात्रेकरू, कुटुंबे, बुणगे बरोबर होते म्हणून घात झाला? शिवाजी महाराजांच्या फौजेत असले काही नसे!"

मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या लष्कराचे जे नियम दिले आहेत, त्यांत फौजेबरोबर बायका व कलावंतिणी नसाव्यात असा सक्त नियम आहे, आणि ती फौज चपळ होती. उलट १७६१ साली पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीत न लढणारी माणसे फार होती, रसद तुटली, आणि १४ जानेवारीला उपाशी सैन्य मैदानात उतरले. हे खरेच. पण मी त्याला म्हटले, "पानिपतावर घात दुबळ्यांनी केला नाही. ती सारी तोंडे मोजून, त्यांच्या रोजच्या दाण्याची वाट राखली गेली नाही, तेथे घात झाला. भार होता, आणि तो हिशेबात नव्हता. मोजलेले ओझे माणूस वाहतो. न मोजलेले ओझे त्याला खाली बसवते."

आणि मग मी त्यांना पुण्याची गोष्ट सांगितली. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. चावून माणसाला आपल्यासारखे करणारे झॉम्बी काल्पनिक आहेत. पण एकाच्या संगतीने दुसऱ्याला मरण आणणारी साथ खरी होती. पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले. म्हणजे त्या वर्षी कोणाला तेही ठाऊक नव्हते. एवढेच ठाऊक होते की, रोग्याजवळ जाणारा मरतो. लोक घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहिले. अशा वेळी सावित्रीबाई फुले, वय ६६, आपला मुलगा डॉ. यशवंत याने शहराबाहेर चालवलेल्या दवाखान्यात रोगी नेत होत्या. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत आल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

मुले काही बोलली नाहीत. मीही ही गोष्ट गोड करून सांगितली नाही. उचलणाऱ्याला किंमत द्यावी लागते, कधी पूर्ण द्यावी लागते. त्यांना आज आपण सांगू शकतो की तोंडाला फडके बांधा, हात धुवा, रोग्याचे कपडे उकळा. ते ज्ञान यादीत आलेच पाहिजे, म्हणजे किंमत कमी पडेल. परंतु खेळातला एक नियम खोटा आहे, हे मला मुलांना दाखवायचे होते. चावलेला माणूस त्या क्षणापासून आपला राहिला नाही, हा तो नियम. खऱ्या जगातल्या साथींत, पुरांत, दंग्यांत असे क्वचितच असते. पुष्कळ आजारी बरे होतात, जर त्यांना पाणी पाजायला कोणी असेल तर. हैतीच्या त्या गुलामांनी झॉम्बीची कीव केली होती. आपण त्याला नुसते लक्ष्य करून टाकले, यात आपलीच काही हानी झाली आहे.

थोरलीने थोडा विचार केला. सूत्रधाराला नियम बदलण्याचा अधिकार असतो. ती म्हणाली, "ठीक आहे. तीन दिवस पाणी आणि शुश्रूषा मिळाली तर चावलेल्यासाठी फासा टाकता येईल. पण उचलणार कसे? याचे वजन २५ किलो, आणि तुमची प्रत्येकाची पाठ भरलेली." आता खरा खेळ सुरू झाला. लुगडे सोडले, त्याची झोळी केली. कुऱ्हाडीने बांबू तोडला. झोळी दोघांच्या खांद्यावर, म्हणजे माणशी साडेबारा किलो आले. तेवढे ओझे कमी करायचे होते. मधल्याने काही न बोलता आपल्या कागदावरची रायफल खोडली, मग काडतुसे, मग दुर्बीण. शेजारच्या मुलीने धान्याची वाटणी केली. म्हाताऱ्याने, म्हणजे मी, पातेले आणि दोरी आपल्याकडे घेतली. बरेच पाणी पिऊन संपले होते, तेवढीही पाठ हलकी झाली होती. पाण्याच्या ओझ्याचा हा एक गुण आहे.

त्या दिवशी ते गंगरेलला पोहोचले नाहीत. जेवणाची वेळ झाली. पण दुसऱ्या दिवशी नवा खेळ मांडताना मी त्यांच्या याद्या पाहिल्या. पाणी सहा लिटर व तुंबा. क्लोरीनच्या गोळ्या, मीठ, साखर. तलावांचा नकाशा. खुमरी, गमछा, जादा चप्पल. पोहे, फुटाणे, गूळ दोन किलो. औषधे, चष्मा, साबण, तोंडाला बांधायचे फडके. काड्यापेटी, चाकू, विजेरी. सामाईक म्हणून कुऱ्हाड, पातेले, दोरी, आणि लुगडे. सर्व मिळून माणशी १५ किलोंच्या आत. प्रत्येकाच्या यादीच्या तळाशी, कोणी सांगितल्याशिवाय, एक ओळ लिहिलेली होती: 'पाच किलो रिकामे.'

श्रोतेहो, पूर येतात, भूकंप होतात, साथी येतात. आणि घर सोडताना पाच मिनिटांत निवड करावी लागते. आपल्या घरातही अशी एक पिशवी भरून ठेवायला हरकत नाही. ती भरताना पाण्यापासून आरंभ करा, शेजाऱ्याला विचारा, आणि गच्च भरू नका. मी धाकट्याला विचारले, "हे पाच किलो कोणासाठी रे?" तो म्हणाला, "ते आधी कसं कळणार, आजोबा? या खेपेला कदाचित तुम्हीच असाल."